बस्त्याची गाठ

आमच्या तहसील कचेरीतल्या रेकॉर्ड रूमचा कारकून रागावला की कुणाशी बोलत नाही, बस्ता बांधतो. जुने कागद लाल कापडात गुंडाळून दोरीने बांधलेले हे गठ्ठे तिथे निजामाच्या काळापासून आहेत. साहेबांनी झापलं की तो येऊन एखादा बस्ता सोडतो आणि पुन्हा बांधतो. जुन्या नोंदींच्या नकलांसाठी माझ्या तिथे नेहमी खेपा होतात, त्यामुळे गाठीवरून मला त्याचा दिवस कळतो. मध्यंतरी कर्मचाऱ्यांसाठी तणावमुक्तीचं प्रशिक्षण झालं. गैरहजर राहिल्याबद्दल त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला.

परवा मी नकलेसाठी बसलो होतो. बोरीची एक बाई घाईने आली. "भाऊ, लेकीची जात पडताळणी उद्याच हाय. आजेसासऱ्याची नोंद पाहिजे."

बस्ता लगेच सापडला. पण सकाळी साहेबांचं ऐकून आल्यावर त्याने नेमका तोच बांधला होता. नखं लागेनात, दातही लावून झाले.

"लय आवळलंय की ओ," बाई म्हणाली.

"मीच आवळलंय, ताई."

शिपाई डोकावला. "साहेब दुसऱ्यांदा बोलवायलेत."

"सांग, गाठ सोडायलाय म्हणून."

शेवटी त्याने ब्लेडने दोरी कापली. इतक्या वर्षांत मी त्याला दोरी कापताना पाहिलं नव्हतं. नोंद निघाली. सही-शिक्क्याची नक्कल बाईच्या हातात देऊन मगच तो साहेबांकडे गेला. तुटकी दोरी मुठीतच होती.

पंधरा मिनिटांनी परतल्यावर त्याने ती टेबलावर ठेवली आणि माझा अर्ज मागितला. दोरीला आता नऊ गाठी होत्या.

मी म्हटलं, माझी काही घाई नाही.