उतरू नका, युसूफभाऊ

युसूफभाऊ बांगडीवाले मला पहिल्यांदा दिसले तेव्हा मला वाटले, यांची सायकल खराब आहे. मी डोक्यावर धानाचा भारा घेऊन सिंदेवाहीच्या रस्त्याने घराकडे येत होते. समोरून सायकल आली, मागे बांगड्यांची पेटी बांधलेली. माझ्याजवळ येताच ते खाली उतरले, हँडल धरून, मान खाली घालून चार पावले चालले आणि मी पुढे गेल्यावर टांग मारून निघून गेले. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी मी म्हटले, "बाबू, चैन पडते का रे तुझी? चौकात दुकान आहे, कसून घे नं." तर म्हणतात, "चैन बरी आहे बाई. तुमी मोठ्या आहा, म्हून उतरलो."

तेव्हा त्यांना मिसरूडही फुटले नव्हते. त्यांच्या साठीचा हा ग्रंथ काढणाऱ्या गौरव समितीच्या सरांनी सांगितले आहे की लेखात सगळीकडे 'ते' आणि 'आले-गेले' असेच लिहावे, म्हणून लिहिते. नाहीतर माझ्या डोळ्यांसमोर अजून तो पोरगाच येतो. आता तो पोरगा साठ वर्षांचा होतो आहे. चुकले, होत आहेत.

मोठे माणूस दिसले की सायकलवरून उतरावे, ही रीत आमच्या झाडीपट्टीत सगळ्यांचीच होती. पोरे मास्तरांसमोर उतरत, जावई सासऱ्यासमोर उतरत. मग मोटारसायकली आल्या. फटफटीवरून कोण उतरते? रीत गेली. युसूफभाऊंची गेली नाही. त्यांचे वडीलही बांगड्याच विकत. मुलाच्या हाती सायकल देताना त्यांनी एवढी एकच गोष्ट सांगितली होती म्हणतात. एकच सांगितली हे बरे झाले.

कारण या उतरण्याने माझे नुकसानही झालेले आहे. माझी थोरली लेक जंगलातल्या गावी दिली. तिकडे तेव्हा बस नव्हती, युसूफभाऊ जात. गोंडांच्या गावात, चार-चार घरांच्या टोल्यांवर, कुठे कुठे म्हणून जात. प्रत्येक आईचा निरोप लेकीला आणि लेकीचा आईला तेच पोचवत, त्याचा कधी एक पैसा घेतला नाही. लेक बाळंत झाली तेव्हा मी त्यांच्याजवळ शिऱ्याचा डबा दिला, म्हटले, गरम आहे, पोचवा. संध्याकाळी पोचला, तोही आंबलेला. का, तर रस्त्यात मोहाच्या झाडाखाली म्हातारे बसले होते, त्यांच्यासमोर उतरले. पुढे नाल्यावर म्हाताऱ्या बाया होत्या, तिथे उतरले. उतरले म्हणजे विचारपूस आली. लेकीने शिरा गाईला घातला आणि बांगड्या भरून घेतल्या. पण एक सांगते, त्या वाटेने इतकी वर्षे गेले तरी पेटीतली बांगडी कधी तडकली नाही. वळण असे घेत की आतल्या काचेला कळतही नसे.

आमचे मालक वारले, तेव्हाची गोष्ट सांगायला हवी. समितीच्या सरांनी म्हटले आहे की गुण लिहिला की प्रसंग लिहावा. सकाळी कामाला निघालेली माणसे मला पाहून थांबत, कोणी वाट बदलत. मग मीच शिकले. कोणी चांगल्या कामाला जाताना दिसले की भिंतीच्या आडोशाला व्हायचे. एका सकाळी युसूफभाऊ लग्नघरी नवरीला चुडा भरायला चालले होते, पेटीवर नवे फडके बांधले होते. मी पटकन भिंतीमागे झाले. सायकल थांबल्याचा आवाज आला. ते भिंतीला वळसा घालून माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "बाई, आडोशाले काऊन गेल्या? मी उतरलो नं." मग लग्नघरी गेले. त्या नवरीला आज तीन लेकरे आहेत, नवरा धडधाकट आहे.

एवढे आहे, म्हणून त्यांच्यावर मनासारखे चिडताही येत नाही. तरी शर्यतीचे ऐका आणि तुम्हीच सांगा.

आमच्या हायस्कुलातल्या बोरकर सरांनी सव्वीस जानेवारीला सायकलची शर्यत सुरू केली. लांब जाऊन परत येण्याची नाही, गावातच फेरे घेण्याची. बाजारचौक, शाळा, जुना स्टँड, मग माझ्या घराचा कोपरा आणि पुन्हा चौक. नियम असा की पुढच्याने तुम्हाला एक पुरा फेरा मागे टाकले, तर सर लाल झेंडी दाखवणार, तुम्ही बाहेर. जे उरतील त्यांच्यासाठी शेवटच्या फेऱ्याला शाळेची घंटा वाजणार. शर्यत सर्वांना खुली, असे भोंग्यावर सांगितले आणि युसूफभाऊंनी नाव दिले. आयुष्यभर सायकलच चालवली, मग ही शर्यत आपली नाही तर कोणाची, असे म्हणाले. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. पोरांजवळ गिअरच्या सायकली, यांची काळी, कॅरिअरवाली. पेटी सोडून ठेवली, कॅरिअर काढले नाही. त्याची कमान सैल, खड खड वाजे.

माझा ओटा अगदी वळणावर. मी सकाळीच जागा धरून बसले. पहिल्या फेऱ्याला पोरे सूं करून गेली. मागून युसूफभाऊ आले, मला पाहिले आणि उतरले.

मी म्हटले, "भाऊ, शर्यत चालू आहे. उतरून काय राह्यले?"

"ठाऊक आहे बाई. पण तुमी बसल्या आहा नं."

दुसऱ्या फेऱ्याला उतरले. तिसऱ्याला मी हाताने पुढे जा, पुढे जा केले, त्यांना वाटले बोलावते आहे, जवळच आले. मग लाल झेंडी.

चौकात दुसरे म्हातारे नव्हते असे नाही. पण ते गर्दीत उभे. गर्दीतल्या माणसाला राम राम नसतो, ओट्यावर बसलेल्याला असतो. असा त्यांचा कायदा.

पुढच्या साली मी रस्त्याकडे पाठ करून बसले. तरी उतरले. पाठ असली म्हणून काय झाले, बाई त्याच ना, असे त्यांचे म्हणणे. मी बोरकर सरांकडे गेले, म्हटले तुमची शर्यत दुसऱ्या गल्लीतून न्या. सर म्हणाले, वळण तेच चांगले आहे, तुम्हीच घरात बसा. त्याच्या पुढच्या साली मी घरात बसले, दार नुसते लोटून घेतले. सगळा गाव बाहेर, आणि मी आत सुपात लाखोरीची डाळ निवडत. तरी कोपऱ्यावर सायकल थांबली. बाहेर येऊन पाहते तर भाऊ उतरून माझ्या चपलांकडे पाहून मान लववत आहेत. चपला ओट्याखाली राहिल्या होत्या. मी डोक्याला हात लावला.

त्यांच्या घरच्या जैनाबी माझ्याइतक्याच वैतागल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, घरी मी समोर आली त हट बाजूले म्हणून घंटी वाजवते हा माणूस. तुमच्यासमोरच याचे पाय जमिनीले लागते."

त्या दुपारी युसूफभाऊ ओट्यावर पाणी पीत बसले होते. गुडघा चोळत होते. मी म्हटले, सोडून द्या आता हा नाद. त्यांनी पाण्याचा लोटा खाली ठेवला. मग म्हणाले, "नंबर नाई पाह्यजे बाई. एक डाव ते घंटी माह्यासाठी वाजली पाह्यजे. पुढच्या साली हा गुडघा अखीन चालते, त्याच्यापुढं नाई चालत."

मग उतरता कशाला, असे मी विचारले नाही. आडोशातून मला बाहेर काढणाऱ्या माणसाला ते कसे विचारणार?

पुढच्या सव्वीस जानेवारीला मी चपला आत घेतल्या. काठी आत घेतली, सूप आत घेतले, दोरीवरचे लुगडेसुद्धा काढले. दाराला कडी घातली, खिडकी लावली. एके काळी लोकांसाठी भिंतीमागे होत होते, त्या दिवशी माझ्या मनाने झाले, आणि मला त्याचे मोठे हसू येत होते. अंधारात पाटावर बसून कान लावला. पोरे सूं करून गेली. मग खड खड आले. कोपऱ्यावर जरा हळू झाले, माझा जीव वर गेला, आणि खड खड पुढे निघून गेले. असे फेऱ्यामागून फेरे. एकदा धडाड आवाज आला, वळणावर पोरे एकमेकांवर आदळली, आई गं, बापा रे झाले. त्यांच्या बाजूने खड खड नीट निघून गेले. आत बांगड्या असत्या तर एक तडकली नसती. मग शाळेची घंटा वाजली. आणि घंटेनंतर, मी शपथेवर सांगते, खड खड पुन्हा एकदा माझ्या दारावरून गेले. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

ते शेवटून दुसरे आले. पण आले.

थोड्याच वेळात कोणी दार ठोठावले. उघडते तर युसूफभाऊ, घामाघूम, सायकल हातात. म्हणाले, "बाई, बरं नाई का? दार बंद, खिडकी बंद, चपला नाई, लुगडं नाई. पहिल्या फेऱ्यापासून जीव लागून होता. म्हून लवकर लवकर आटपलं."

मी विचारले, "भाऊ, घंटी ऐकली का?"

"वाजली असन बाई. माहं ध्यान तुमच्या दाराकडं होतं."

आता या माणसाला काय म्हणावे? इतकी वर्षे ज्या घंटीसाठी गुडघा झिजवला, ती वाजली तेव्हा यांचे ध्यान माझ्या कडीकडे. मी त्यांना बसवून चहा दिला आणि चहा होईपर्यंत मनसोक्त रागावले. त्यानंतर गुडघा खरेच चालला नाही. शर्यत सुटली. बांगड्या आता ते घरूनच विकतात, सायकल बाजारापुरती.

म्हणून या ग्रंथात मला लिहायला सांगितले तेव्हा मी समितीला एक अट घातली. सत्काराच्या दिवशी हारतुरे नंतर, आधी युसूफभाऊंनी त्याच रस्त्याने एक फेरा घ्यावा, हळूहळू, गुडघा सांभाळून. बोरकर सर निवृत्त झाले तरी येणार आहेत, शाळेची घंटा वाजवणार आहेत. दुसरा कोणी शर्यतीत नाही, म्हणजे लाल झेंडीचे भय नाही.

मी ओट्यावर बसेन. चपला ओट्याखाली ठेवीन, सगळ्यांना दिसतील अशा. इतक्या वर्षांत मी युसूफभाऊंना उतरतानाच पाहिले आहे. वळणावरून जाताना ते कसे दिसतात, हे साऱ्या गावाने पाहिले, मी फक्त ऐकले. माझी नजर आता अधू झाली, आहे तोवर तेवढे एकदा दाखवा.

अल्ला आणि आमचा देव, दोघेही तुमचा गुडघा बरा ठेवोत. जैनाबींच्या हातचे खाऊन शंभरी गाठा. तुमच्यासमोर उतरणारी चार माणसे या गावात पुन्हा तयार होवोत. पण भाऊ, त्या दिवशी घंटी ऐका, पायडलवरचे पाय काढू नका, आणि माझ्यासमोरून बसून जा. मी मोठी आहे नं? मग माझे ऐका.