सम्राटासमोर बाबा

थंडी सुरू झाली की मी बाबांचा जाड कोट कपाटातून बाहेर काढते आणि डांबराच्या गोळ्यांचा वास मला थेट त्या म्युझियममध्ये नेऊन उभं करतो. बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते आणि आम्ही एडिसनच्या आमच्या घरून ट्रेननं त्यांना न्यूयॉर्क दाखवायला नेलं होतं. रोमन दालनात उंच काचेच्या छतातून उजेड उतरत होता आणि त्या उजेडात रोमच्या पहिल्या सम्राटाचं संगमरवरी डोकं होतं, नाकाचा टवका उडालेलं, पण नजर शांत. माझ्या मुलीला शाळेत रोम नुकतंच शिकवलं होतं. "ही वॉज अडॉप्टेड, आजोबा. सीझर अडॉप्टेड हिम," ती म्हणाली. "दत्तक घेतलेला. सीझरच्या भाचीचा मुलगा," मी बाबांना सांगितलं. बाबांनी कानटोपी काढून हातात घेतली आणि कितीतरी वेळ त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं, "मग सख्ख्या आईला हा काय म्हणायचा?" मुलगी खालची पाटी वाचू लागली. "मी काकू म्हणायचो," बाबा त्या दगडालाच सांगितल्यासारखं म्हणाले. गावी बाबा जेवायला बसले की शेजारच्या घरातून त्यांची ही काकू, माझी चुलत आजी, यायची आणि त्यांचं जेवण होईपर्यंत नुसती दारात उभी राहायची. आता ती नाही, बाबाही नाहीत. पण आजही त्या दालनात गेले, की सम्राटाकडे बघण्याआधी मी त्याच्यामागच्या दारात कुणी उभं आहे का ते बघते.