नानांचा आकार

नानांना चेहरे लक्षात राहत नसत, आणि धंदा मात्र चेहऱ्यांचाच. कामोठ्यात त्यांचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस, उद्घाटन, श्रद्धांजली, काहीही असो, तिथे कामाला असलेली मी कॉम्प्युटरवर फोटो गोरे करायचे आणि सुरकुत्या पुसायचे. नाना सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत स्वतःची फाइल उघडून चौकोन, गोल, त्रिकोण मांडत बसायचे. "फोटूची सुरकुती पुसावी लागते. चौकोनाला सुरकुतीच नाय," म्हणायचे.

सुरुवातीला मला ते म्हातारचाळे वाटले. मग एकेक कळत गेलं. पांढऱ्या चौकोनांच्या रांगा म्हणजे त्यांचं गेलेलं मिठागर. त्यांच्यामधली उभी काळी पट्टी म्हणजे दिवसभर उन्हात मीठ ओढणारा बाप. तुकडा मोडलेला पांढरा गोल म्हणजे काकू, त्यांची बायको. पहिल्या भाकरीचा तुकडा त्या कावळ्यासाठी मोडून ठेवायच्या, मग बाकीच्यांना वाढायच्या.

मी होते करडा त्रिकोण. मी रुसले, तर म्हणाले, "पोरी, त्रिकोन टोचतो खरा, पन टेकू त्याचाच लागतो."

"आणि तुम्ही कुठे आहात, नाना?"

"आपला आकार आपुन नसतो काडाचा. मागं राहील त्यानं काडाचा."

काकू गेल्या तेव्हा श्रद्धांजलीचा फ्लेक्स नानांनी स्वतः केला. काळं पान, त्यावर तो मोडका गोल, खाली नाव. "येवढा छापून ठेव," मला म्हणाले आणि अस्थी घेऊन खाडीवर गेले. मागोमाग त्यांचे मेहुणे आले. "फोटू नाय? गोलाला काय हार घालाचा? गावात नाक कापाल आमचा!" मी वाद घातला नाही. गोल काढून तिथे काकूंचा कुठल्याशा लग्नातला फोटो बसवला, सवयीने गोराही केला आणि छापला.

नाक्यावर लावलेला तो फ्लेक्स नाना समोर उभे राहून बघत होते. "बरा झालाय," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी सकाळची ती फाइल कधी उघडली नाही. मला त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

यंदा नानाही गेले. त्यांच्या थोरल्या मुलाने फोन केला. "फोटू पाठवू, का तू काय काडतेस? बाबा बोलले होते तुला." मी म्हटलं, काढते. दुपारभर बसले. चौकोन घातला, त्याचं मिठागर झालं. पट्टी ओढली, तो त्यांचा बाप झाला. गोलाला हात लावायची हिंमत नव्हती. रडू येत नव्हतं. आतून काहीच येत नव्हतं. पाच वाजता त्याला सांगितलं, "फोटो पाठव."

दहाव्यानंतर तो फ्लेक्स उतरवला. त्या दुपारची माझी फाइल मी अजून रोज सकाळी उघडते. चौकोन, पट्टी पुसून टाकलेलं काळं पान, आणि खाली कोपऱ्यात माझा करडा त्रिकोण, टेकू देऊन उभा. त्याच्यावर काहीच नाही.