काचेच्या खोलीतल्या रिकाम्या खुर्च्या

मंडळी, आज स्वतःचाच राग आलाय.

फुटबॉलच्या मॅचला आमचं चहा-नाश्त्याचं काम होतं, वर बड्या पाहुण्यांच्या एसी खोलीत. पाहुण्यांचा पत्ता नव्हता, म्हणून क्लबवाल्यांनी येरवड्याच्या आश्रमातली मुलं तिथं बसवली. पोरं काचेला नाक लावून मॅच बघत होती.

अर्धी मॅच झाल्यावर पाहुणे उगवले. क्लबचा साहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, मुलांना खालच्या पायऱ्यांवर जाऊन बसायला तुम्हीच सांगा ना."

"का? तुम्हाला तोंड नाही?"

"अहो, या पाहुण्यांच्याच पैशावर या मुलांचा फुटबॉल चालतो."

शेवटी मीच सांगितलं. एकानंही हट्ट केला नाही, मुकाट उठली. एक चिमुरडी खुर्चीखाली सांडलेला चिवडा वेचायला लागली.

म्हटलं, "राहू दे गं, मी झाडते."

तर म्हणते, "आमचे बूट या काकांनी दिलेत ना? मग त्यांना स्वच्छ नको?"

पोरं खाली उन्हात गेली. पाहुणे चारच होते. बाकीच्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या.

मी कुणालाही तोंडावर बोलणारी बाई. पण "बसू द्या की पोरांना, जागा आहे" एवढं काही तोंडातून निघालं नाही.

तुम्ही बोलला असता का? खरं सांगा.