ओवीच्या पंपासाठी हिंजवडीला

पुसदहून रात्रभर आलेली बस पुण्यात थांबली तेव्हा माझे पाय सुजले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रशिक्षणासाठी पुणे पाहायला मिळालं, म्हणून गावाकडच्यांसाठी जमेल तसं लिहिते आहे.

शनिवार पेठेतल्या संशोधन केंद्रात एकाच मजल्यावर दोन अभ्यास चालतात. एक मुलांच्या दम्याचा, दुसरा वयस्कर पुरुषांच्या हार्मोन उपचारांचा. दार कोणतं ते कळेना. बाकावरच्या आजोबांना विचारलं, "अहो, दम्याचा विभाग हाच का?"

"जिना चढल्यावर मलाही तसंच वाटलं," पेपरातून मान न काढता ते म्हणाले. "इथे म्हाताऱ्यांना तरुण करतात म्हणे. आपण पलीकडे जा, आपल्याला अजून अवकाश आहे."

माझं काम घरोघर जाऊन मुलं पंप (दम्याचं औषध श्वासातून ओढायचं साधन) नीट घेतात का ते पाहायचं आणि ठरलेले प्रश्न विचारायचे. केंद्रातल्या मॅडमनी बजावलं होतं, "अभ्यासात राहा म्हणून कुणालाही आग्रह करायचा नाही. सोडतो म्हणाले तर सोडू द्यायचं." मेसमधल्या गोड आमटीइतकंच हेही मला नवीन होतं.

आठवडाभर जिने चढून थकले होते. शेवटी हिंजवडी राहिली. कंपन्यांच्या गाड्यांमागे आमची बस इतका वेळ उभी होती, की कंडक्टर उतरून चहा पिऊन आला. काचेच्या उंच इमारतींमागे जुनं गाव आहे. तिथल्या एका बोळात सात वर्षांची ओवी राहते. वरच्या खोल्या कंपनीतल्या मुलांना भाड्याने दिलेल्या.

तिची आई दारातच म्हणाली, "ताई, आता येऊ नका. आमी बंद केलंय."

"चालेल," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. वळले, तेवढ्यात आतून ओवीच्या श्वासाची शिट्टी ऐकू आली.

"वहिनी, बंद म्हणजे काय बंद केलंत?"

"समदंच. शेजारी इचारत्यात, सारखं कोण येतंय. पोरीच्या नावाला दमा चिकटायला नको. आन् हा पंप तुमचा हाय, घेऊन जा." तिने पिशवी पुढे केली.

"पंप आमचा नाही हो. तो ओवीच्या डॉक्टरांनी दिलाय. आम्ही फक्त प्रश्न विचारतो."

"म्हंजी अभ्यास सोडला तरी घ्यायचा?"

"अभ्यास कधीही सोडा. औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको." हा आग्रह झाला की काय, ते कळेना.

तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते सांगत गेले तशी ती एका हाताने पिशवीची गाठ सोडत गेली. ओवीला मांडीवर घेऊन औषध दिलं. छातीतली शिट्टी मंदावेपर्यंत मी तिथेच थांबले. मग तिने मला बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढला. "अभ्यासातून नाव मात्र काढा," ती म्हणाली.

"काढते," मी म्हटलं, आणि केंद्रात परतल्यावर काढलं.

पुसदला सगळे विचारतात, संशोधनातून काय निघालं? निष्कर्ष यायला वेळ लागेल, आणि त्यात ओवी नसेल. तिच्याविषयी मला एवढंच ठाऊक आहे, की मी बोळातून निघाले तेव्हा ती ओट्यावर उभी राहून एका भाडेकऱ्यावर ओरडत होती, "ओ दादा, गाडी दारात लावू नका, कितींदा सांगायचं?" एका दमात.