कासऱ्यावर चालणारी मोटार

मी कुरुळीत राहायला आलो तेव्हा गावानं मला दोन पदव्या दिल्या. तोंडावर ‘फिटर’ आणि पाठ वळली की ‘घरजावई’. दोन्ही खऱ्या होत्या, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. पिंपरीला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यांतल्या एकाच्या दुरुस्ती खात्यात मी कायम झालो होतो. बिऱ्हाड मात्र बायकोच्या माहेरी, सासऱ्यांच्या घराला लागून असलेल्या खोलीत. भिंतीपलीकडे राहत होता माझा मेव्हणा, आणि ही गोष्ट त्याची आहे. मी यात दुय्यम पात्र आहे, असं मी सुरुवातीलाच नम्रपणे सांगून टाकतो. पुढे पुढे मला ते जमेल असं वाटत नाही.

मेव्हणा अंगानं आडवा, मिशी भरघोस, आवाज असा की शिवाराच्या त्या टोकाला चरणारा बैल मान वर करून बघे. महायुद्धाच्या वर्षांत त्यानं लष्करात ट्रक चालवला होता. कुठल्या कुठल्या मुलखातल्या घाटांतून रसद नेली होती म्हणे. पण या वीराला सायकल येत नव्हती. दोन चाकांवर बसला की तो मोठ्या निश्चयानं सरळ बोरीच्या झुडपात शिरायचा. गावानं हा प्रयोग तीनदा पाहिला, तिन्ही वेळा गर्दी वाढत गेली, आणि मग त्यानं सायकल कायमची सोडली.

म्हणून त्यानं मोटार आणली. पुण्यातल्या कुणा साहेबानं टाकून दिलेली, हूड फाटलेली, चार दरवाज्यांची. त्यांतले दोन उघडायचे. त्याच सुमारास तो आमच्याच कारखान्यात कच्च्या नोकरीवर लागला. मग पहाटे गावातले चार कामगार, मी आणि चालक म्हणून तो, असे सहाजण त्या मोटारीत कोंबून पिंपरीला निघू लागलो. सासरे ओट्यावर बसून ही वरात रोज बघत आणि म्हणत, “बैलगाडीनं गेला असता तर आदल्या सांजंला निघाया लागलं असतं, येवढाच फरक.”

सासऱ्यांची ही टीका अगदीच खोटी नव्हती. इंद्रायणीचा पूल ओलांडला की मोशीकडे चढ लागतो. आज तिथून मालट्रक विचार न करता जातात, पण आमच्या मोटारीला तो हिमालय होता. चढाच्या मध्यावर ती दमेकऱ्यासारखी धापा टाकायला लागे, दोन आचके देई आणि थांबे. मग आम्ही पाचजण उतरून ढकलायचो आणि मेव्हणा आत बसून आम्हाला धीर द्यायचा.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण कच्च्या कामगाराला एका महिन्यात तिसरा लेट मार्क पडला की नाव कमी, असा आमच्याकडे नियम होता. सात वाजता भोंगा व्हायचा आणि त्यानंतर कार्डावर लाल शिक्का बसायचा. मेव्हण्याचा कच्च्या नोकरीचा तो शेवटचा महिना होता. दोन शिक्के बसले होते आणि शेवटचे सहा दिवस उरले होते.

त्याला ती नोकरी हवी होती. पगारासाठी तर होतीच, पण दुसरंही काही होतं. लष्करातून परत आल्यापासून त्याचं मन कशात लागत नव्हतं. शेतात असला की रस्त्याकडे बघायचा आणि रस्त्यावर असला की आभाळाकडे. कारखान्यात मात्र त्याला एक ड्रिल मशीन मिळालं आणि माणूस बदलला. शिफ्ट संपली तरी ते पुसत बसायचा. रविवारी जेवताना मध्येच थांबून म्हणायचा, “आज त्याला तेल कोन दील?” माझी बायको म्हणजे त्याची धाकटी बहीण. ती मला शनिवारी म्हणाली, “दादाची नोकरी गेली ना, तर तो पुन्हा गप्प होईल. तुमची फिटरकी मग काय लोणच्यात घालायची?”

बायकोनं असं विचारल्यावर पुरुषाला इंजिनाचं झाकण उघडावंच लागतं.

दोष मला आधीपासून कळला होता. गाडीला श्वास पुरत नव्हता. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाचं नाक. त्यातून हवा आत जाते, जाताना पेट्रोलचा फवारा घेऊन जाते, आणि किती हवा सोडायची ते आतली एक गोल झडप ठरवते. आमच्या गाडीचं नाक इतकं बारीक की त्यात माझी करंगळी जेमतेम जाई, आणि झडपेचा दांडा झिजून खुळखुळत होता. सहाजणांना घेऊन चढ चढायचा आणि नाक असं चोंदलेलं.

पिंपरीच्या कॅम्पात सिंधहून आलेले एक म्हातारे दुकानदार लष्करी भंगार विकत. त्यांच्या दुकानाची फळी मी कधीतरी नीट करून दिली होती, त्यामुळे माझ्यावर त्यांची मर्जी होती. त्याच संध्याकाळी त्यांनी ढिगाऱ्यातून लष्करी ट्रकचा एक कार्बोरेटर उपसून काढला आणि जावयाला अंगठी द्यावी तसा माझ्या हातावर ठेवला. मी त्यात अंगठा घातला. अंगठा आरामात गोल फिरला. मी तिथंच हसलो.

रविवार उजाडला. ओट्यासमोर मोटार, मोटारीसमोर मी आणि माझ्यासमोर निम्मी कुरुळी. असा प्रेक्षक मिळाला की माझ्या अंगात वेगळंच बळ येतं. ट्रकच्या कार्बोरेटरची भोकं आमच्या इंजिनाच्या भोकांशी जुळत नव्हती, म्हणून मध्ये बसवायला अॅल्युमिनियमची जाड पट्टी कानशीनं घासून तयार केली. हवा गळू नये म्हणून मध्ये घालायला सासऱ्यांच्या विहिरीवरच्या जुन्या मोटेचं कातडं कापलं. ते कापताना सासऱ्यांनी तोंड फिरवलं. आत जाणाऱ्या नळीचं तोंडही मी कानशीनं मोठं आणि गुळगुळीत केलं. शेवटी पायाच्या पेडलकडून येणारी सळई नव्या झडपेला जोडली, जुनी स्प्रिंग जुन्याच जागी अडकवली आणि नाटकातल्या राजासारखा हात वर करून म्हटलं, “मारा हँडल.”

इंजिन सुरू झालं आणि असं गरजलं की ओट्यावरची कोंबडी सासऱ्यांच्या मांडीवर चढली. पेडलला कुणाचा पाय लागलेला नव्हता. मेव्हण्यानं घाबरून पेडल दाबलं, तर इंजिन एकदम शांत झालं. सोडलं, पुन्हा गर्जना. दाबलं, शांत.

मी झाकणाखाली वाकून पाहिलं. ट्रकच्या झडपेचा दांडा उलट्या बाजूला होता. जुन्या गाडीत जे ढकलून उघडायचं ते इथं ढकलून बंद होत होतं, आणि माझी स्प्रिंग झडप मिटवण्याऐवजी सताड उघडत होती. दाबलं की झोपणार आणि पाय उचलला की उधळणार. ब्रेक लावायला पाय हलवावा तर त्याच क्षणी गाडी चौखूर सुटणार, म्हणजे ही मोटार नव्हती, आत्महत्येचं साधन होतं. मी लोकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात मेव्हण्याला सांगितलं की मध्ये उलटा फिरणारा एक सांधा करावा लागेल, त्याला दोन संध्याकाळी जातील. सोमवार तर उद्याच होता.

मेव्हणा गाडीतून उतरला. गोठ्यात गेला आणि खुंटीवरचा कासरा घेऊन आला. मी म्हटलं, आता हा मला बांधणार. पण त्यानं पेडलची सळई काढून टाकली, कासऱ्याचं टोक झडपेच्या दांड्याला गाठ मारून बांधलं, दोर इंजिनाच्या झाकणाच्या फटीतून वर काढला, काचेवरून आत घेतला आणि उजव्या तळहाताला एक वेढा देऊन बसला.

“वढला की थांबायचं, सैल सोडला की पळायचं,” तो म्हणाला. “जलमभर दुसरं काय केलंय, दाजी?”

त्यानं कासरा सैल केला आणि गाडी निघाली. काय निघाली म्हणून सांगू. मी अनेक साहेबांचे ड्रायव्हर पाहिलेत, पण इतकी अलगद निघालेली गाडी पाहिली नाही. पायानं चालवताना तो तिला आचके द्यायचा. हातात दोर आल्याबरोबर त्याला तिच्या मनातलं कळायला लागलं. आम्ही तसेच चाकणच्या बाजारापर्यंत गेलो. मेव्हण्यानं जिभेनं टकटक आवाज केला की गाडी जोरात पळायची. दोन्ही गोष्टींचा काही संबंध नव्हता, पण हे त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

बाजारात गाडी बंद पडली. कांद्याच्या वखारीपाशी वाऱ्यावर पापुद्रे उडत होते आणि आमच्या नव्या रुंद नाकानं त्यांतला एक मोठा लाल पापुद्रा ओढून घेतला होता. तो नाकावर चिकटून बसला होता आणि गाडी गुदमरली होती. घरी आल्यावर बायकोनं न्हाणीतली घोसाळ्याची वाळकी जाळी आणून दिली. अंग घासायची ती जाळी मी तेलात बुडवली, भोकं पाडलेल्या डब्यात बसवली आणि डबा नाकावर चढवला. त्या दिवसापासून कांदाच काय, रस्त्यावरची धूळही आत गेली नाही. बायकोनं मात्र पुढे वर्षभर ऐकवलं की इंजिन आपल्यापेक्षा स्वच्छ आंघोळ करतं.

सोमवारी पहाटे पूल ओलांडला. पाचही जणांनी सवयीनं उतरायची तयारी केली. मेव्हण्यानं कासरा पूर्ण सैल सोडला आणि मोशीचा चढ आमच्या पायाखालून निघून गेला. वर पोहोचल्यावर सगळ्यांनी मान वळवून मागं बघितलं. शेवटी मागून एकजण म्हणाला, “राव, आता मोशी गेली कुठं?”

मंगळवारी मी उलटा सांधा करायला बसलो तर मेव्हण्यानं माझ्या हातातली कानस काढून घेतली. जनावर वळणावर आलंय, आता त्याला हात लावू नका, असा त्याचा हुकूम. चार दिवस आम्ही भोंग्याच्या आधी इतके लवकर पोहोचलो की त्याला मशीन पुसायला वेळ मिळे.

मग आला शनिवार, सहावा आणि शेवटचा दिवस. मोशीचा चढ संपला, गाडी सपाटीला लागली, आणि झाकणाच्या फटीत पाच दिवस घासत असलेला कासरा तुटला.

“तुटला,” मेव्हणा म्हणाला. चहा संपला म्हणावं तितक्या शांतपणे.

झडप सताड उघडी आणि गाडी सुसाट. थांबवून दुसरा दोर बांधू, असं मी ओरडून सांगितलं. त्यानं मान हलवली. थांबलो तर भोंगा चुकणार होता. त्यानं डाव्या हातानं किल्ली बंद केली, वेग उतरला. पुन्हा सुरू केली, वेग चढला. पण दर वेळी आत साठलेलं पेट्रोल धुराड्यात पेट घेई आणि बंदुकीसारखा बार होई. असे बार उडवत आम्ही भोसरीत शिरलो. एका झाडाखाली कुणी न्हाव्यापुढे बसला होता, तो अर्ध्या दाढीनिशी उठून शेतात पळाला. कुत्री आमच्या मागे न लागता आमच्या पुढे पळाली. मागचे चौघे देवांची नावं घेत होते, आणि त्यांत एकमत नव्हतं. मेव्हणा मात्र ताठ बसला होता. मिशी वाऱ्यावर, एक हात चाकावर, एक किल्लीवर. लष्करात तो कसा दिसत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

कारखान्याच्या गेटापुढे थोडी चढण होती. तिथं त्यानं किल्ली शेवटची बंद केली आणि ब्रेक दाबून धरला. सात वाजायला दोन मिनिटं होती. फाटक समोर दिसत होतं. आणि गाडीला हातब्रेक नव्हता. पाय काढला तर ती उलटी घरंगळत मागून येणाऱ्या सायकलवाल्यांवर गेली असती.

“दाजी,” तो म्हणाला, “पाय द्या.”

मी सरकलो, त्याच्या बुटाशेजारी माझी वहाण ब्रेकवर ठेवली आणि त्यानं उडी मारली. तो देह धावताना मी कधी पाहिला नव्हता. मागचे चौघेही कच्चेच होते, तेही सुटले. टाइम ऑफिसच्या खिडकीशी पाच डोकी गोळा झालेली मी पाहिली, पाच कार्डं आत गेलेली पाहिली, आणि मग भोंगा झाला. मी त्या भोंग्याला गाडीत बसून दाद दिली. चाकामागे लावायला आसपास एक दगड नव्हता. पहारेकऱ्याला हाका मारून वीट मागवली, ती येईपर्यंत माझी पोटरी थरथरायला लागली होती.

मी आत गेलो तेव्हा सात वाजून आठ मिनिटं झाली होती. कायम झाल्यापासून माझ्या कार्डावर कधी डाग नव्हता. टाइमकीपरनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि लाल शिक्का मोठ्या आवडीनं मारला.

दुपारच्या सुट्टीत मेव्हणा भाकरी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. हाताला मशीनचं तेल, चेहऱ्यावर नव्या नवऱ्याचं तेज. सोमवारी कायम झाल्याचा कागद मिळेल, असं फोरमननं त्याला सांगितलं होतं. त्यानं अर्धी भाकरी मोडून मला दिली, माझ्या कार्डाबद्दल ऐकलं ते खरं का म्हणून विचारलं, आणि मी मान डोलावल्यावर बराच वेळ गंभीरपणे चावत राहिला.

“दाजी,” तो म्हणाला, “घरनं जरा लवकर निघत चला की.”