सिंगापूरचे कोळी गेले कुठे?

सांगते, पण जाम थकलेय हं. माउंट वेलिंग्टनचं ऑफिस, मग टाकानिनीला घरी पोचेपर्यंत मोटरवेवर ब्रेकचे लाल दिवे, रोज तेच. आमची कंपनी कंटेनर मागवते-पाठवते, त्यातले हीप्स, म्हणजे ढिगाने, सिंगापूरवरून येतात, म्हणून सोमवारी ऑफिसात सिंगापूरवर बोलायचं माझ्या गळ्यात पडलं. मासेमारीचं गाव ते एवढं अवाढव्य बंदर!

रविवारी दुपारी लॅपटॉपवर फोटो लावत होते, शेजारी बाबा, मुंबईहून इथे परदेशात माझ्याकडे राहायला आलेले. आमचं गाव कोळ्यांचं. तिथेही आता मोठं बंदर करायचं चाललंय आणि त्याच संध्याकाळी गावात सभा होती. घरटी एक मत. मोठे काका नाही म्हणत होते, बाबांना हो हवं होतं.

"हे दाखव की त्याला," बाबा म्हणाले. "माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल."

लावला व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळ, काका नुकतेच बोटीवरून आलेले, बनियन ओलं. मी सुटलेच! हे बघा काका, आधीच्या झोपड्या, होड्या. हे आत्ता, क्रेन बघा, जहाजं बघा! आणि ही सगळी मोकळी जागा होती...

"थांब बाय. मागचा फोटो लाव. त्या काठ्या कसल्या?"

फोटो मोठा करून बघितला. वलांडी होती ती, मासळी सुकवायची. सुट्टीत गावी असल्याच वलांडीवर मी बोंबील टांगलेत, जबड्यात जबडा अडकवून जोडी-जोडीने. आणि फोटोखाली मीच लिहिलेलं, मोकळी जागा.

"हे कोळी गेले कुठे मग?"

"फ्लॅटमध्ये, काका. पोरं शिकली, ऑफिसात लागली असतील."

"म्हणजे तुझ्यासारखी." मग बाबांकडे वळून, "काय रे, तू मुंबईला गेलास, पोरगी त्याहून लांब. बंदर नसतानाच आपलं अर्धं घर सिंगापूर झालं की!"

"गुडघे बघ तुझे, दादा. किती वर्षं वल्हवणार अजून?"

"इंजिन आहे बोटीला. तू शेवटचा कधी बसलास तिच्यात?"

बाबांना हसूच आलं. मग काकांनीच विचारलं.

"सांग, सभेत काय बोलू?"

बाबा त्या काठ्यांकडे बघत राहिले. "नाही म्हण."

"तुझंपण?"

"घराचं एकच असतं ना."

सोमवारी फोटोखालची ओळ बदलली, मासळी सुकवायची जागा. बोलून झाल्यावर मॅनेजर म्हणाला, "स्वीट ॲज!" म्हणजे एकदम मस्त. कोळी कुठे गेले, कुणीच विचारलं नाही.

परत मोटरवे, परत लाल दिवे. घरी पोचले तर बाबा ओट्याशी कांदा चिरत उभे.

"जास्त घरं हो म्हणाली," मागे न बघता म्हणाले.

"आणि काका?"

"बोटीवर गेलाय."

मी बूट न काढताच सोफ्यावर बसले.